घरातल्या सुतारकामाच्या खोलीतली बारीक धूळ आणि खेळती हवा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गॅरेज, गच्चीवरची शेड, बंगल्यातली मागची खोली किंवा फ्लॅटची ड्राय बाल्कनी अशा जागेत लाकूडकाम करणाऱ्यांसाठी ही उत्तरं आहेत. सगळे हिशेब १० फूट बाय १२ फूट, १० फूट उंचीच्या खोलीचे आहेत. तिचं आकारमान १२०० घनफूट, म्हणजे साधारण ३४ घनमीटर. तुमची खोली लहान-मोठी असेल तर आकडे त्या प्रमाणात बदला.

काम झालं की भुसा झाडून काढतो. तेवढं पुरत नाही का?

नाही. झाडूत येतो तो भुसा जड असतो. तो जमिनीवर पडतो आणि नाकातोंडात गेला तरी बहुतेक नाकातच अडकतो. फुप्फुसात खोल जाते ती १० मायक्रॉनपेक्षा बारीक धूळ, आणि त्यातही अडीच मायक्रॉनच्या खालची सगळ्यात खोल. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे ही धूळ एकेकटी दिसणारच नाही.

ती खाली बसायला किती वेळ लागतो ते पाहा. पाण्याइतक्या घनतेचा कण स्थिर हवेत दीड मीटर उंचीवरून पडतोय असं धरलं, तर १० मायक्रॉनच्या कणाला आठ-नऊ मिनिटं लागतात, अडीच मायक्रॉनच्या कणाला दोन तासांहून जास्त आणि एक मायक्रॉनच्या कणाला जवळजवळ १२ तास. खोलीतली हवा तर कधीच स्थिर नसते. त्यामुळे मास्क काढून चहा घेताना तुम्ही सकाळच्या घासाईची धूळ ओढत असता. रात्री दिवे घालवून टॉर्चचा झोत आडवा मारा, झोतात तरंगणारे कण दिसतील.

आयएआरसी या कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९५ मध्ये लाकडाची धूळ माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली. तो प्रामुख्याने नाकाच्या पोकळीचा आणि सायनसचा कर्करोग. त्याचे पुरावे फर्निचरच्या कारखान्यांत वर्षानुवर्षं काम केलेल्या लोकांचे आहेत, रविवारी दोन तास रंधा मारणाऱ्याचे नाहीत. पण दमा, सतत वाहणारं नाक, त्वचेवर चट्टे हे त्रास घरच्या कामातही होतात, आणि त्याच घरात लहान मुलं व म्हातारी माणसं राहतात.

कोणत्या लाकडाची धूळ जास्त वाईट?

सागवान आणि शिसव यांच्या धुळीने अनेकांच्या अंगाला खाज सुटते, मनगटावर आणि मानेवर पुरळ येतो. ही अ‍ॅलर्जी पहिल्याच दिवशी येईल असं नाही. वर्षभर काही होत नाही आणि मग एकदा सुरू झाली की थोड्याशा धुळीनेही उफाळते. ब्रिटनमध्ये कामाच्या जागी कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने दर घनमीटरला ३ मिलिग्रॅम आहे, मऊ लाकडाची ५.

एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून बनवलेला बोर्ड, मात्र वेगळं प्रकरण आहे. त्याचा तंतू मुळातच पिंजलेला असल्याने कापताना ढलप्या निघत नाहीत, सगळी पिठासारखी धूळच निघते. शिवाय त्यात युरिया-फॉर्मल्डिहाइडचा चिकटा असतो. राउटरने (खाचा-नक्षी कोरायच्या यंत्राने) एमडीएफला नक्षी मारणं हे घरच्या खोलीतलं सगळ्यात धुळीचं काम आहे. उघड्यावर करता येत असेल तर तिथेच करा.

पैसे थोडे आहेत. आधी काय घ्यावं?

आधी चांगला मास्क, कारण तो आजच्या आज उपयोगी पडतो. मग बारीक फिल्टर आणि आत पिशवी असलेला व्हॅक्युम, म्हणजे धूळ यंत्राच्या तोंडाशीच पकडता येईल. तिसरा एक्झॉस्ट फॅन. खोलीतली हवा गाळणारी पेटी सगळ्यात शेवटी.

बरेच जण हा क्रम उलटा करतात. छताला फिल्टर टांगतात आणि सँडर, म्हणजे लाकूड घासायचं यंत्र, मात्र उघडाच चालवतात. धूळ एकदा खोलीभर पसरली की ती गोळा करायला अर्धा तास लागतो आणि त्या अर्ध्या तासात तुम्ही तिथेच उभे असता. छताचा फिल्टर तुमच्या नाकापर्यंत आलेली धूळ परत ओढून घेत नाही.

कोणता मास्क? रुमाल किंवा सर्जिकल मास्क चालेल का?

दोन्ही चालत नाहीत. गालाजवळच्या फटीतून हवा सरळ आत येते. एन९५ किंवा आयएस ९४७३ या भारतीय मानकाचा एफएफपी२ घ्या. पट्ट्या कानात अडकवायच्या नसून डोक्यामागून जाणाऱ्या असाव्यात, कारण कानाच्या पट्टीला पुरेसा ताण येत नाही. आपल्या उन्हाळ्यात श्वास सोडायची झडप असलेला मास्क बरा पडतो.

घातल्यावर नाकावरची पट्टी दोन्ही बोटांनी दाबून बसवा, दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे हवा आली किंवा चष्म्यावर वाफ धरली तर मास्क बसलेला नाही. दाढी असेल तर कुठलाही घट्ट मास्क नीट बसत नाही.

आठवड्याला चार-पाच तास काम होत असेल तर रबराचा अर्धा चेहरा झाकणारा मास्क आणि पी१०० किंवा पी३ या दर्जाचे बारीक धुळीचे फिल्टर घ्या. सुरुवातीला महाग वाटतो, पण फिल्टर बरेच महिने टिकतात आणि रबर चेहऱ्याला नीट धरतं. काम संपल्यावरही, हवा स्वच्छ होईपर्यंत तो काढू नका. झाडतानाची आणि पिशवी रिकामी करतानाची धूळ बरेचदा कापतानाच्या धुळीपेक्षा जास्त असते.

व्हॅक्युम घेताना काय पाहायचं?

वॅटचा आकडा फसवा आहे. पाहायच्या गोष्टी तीन : फिल्टर कोणता, आत पिशवी बसते का, आणि पाइपाचा व्यास किती.

स्वस्त वेट-ड्राय व्हॅक्युमसोबत स्पंजची टोपी येते. ती पाणी ओढण्यासाठी आहे. कोरडी धूळ तिच्यातून आरपार जाते आणि मागच्या जाळीतून तुमच्याच खोलीत जोरात फेकली जाते, म्हणजे व्हॅक्युम लावून तुम्ही धूळ उलट उधळता. घडीचा कागदी किंवा हेपा (अतिबारीक धूळ अडवणारा) फिल्टर बसेल असंच मॉडेल घ्या आणि आत न विणलेल्या कापडाची पिशवी लावा. पिशवीमुळे फिल्टर लवकर चोंदत नाही, आणि भरली की तोंड बंद करून उचलता येते, धूळ उडत नाही.

आता विजेचं. १४०० वॅटचा व्हॅक्युम आणि १००० वॅटचा कटर एकाच ६ अँपिअरच्या पॉइंटवर चालत नाही. २३० व्होल्टला ६ अँपिअर म्हणजे जेमतेम १३८० वॅट. व्हॅक्युमला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट द्या. एक्स्टेंशन बोर्ड कोमट लागतोय म्हणजे वायर कमी जाडीची आहे.

रंगाच्या बादलीवर सायक्लोन बसवला तर बादली आत चेपते. का?

सायक्लोन म्हणजे व्हॅक्युमच्या आधी बसवायचा शंकू, त्यात हवा घिरट्या घेते आणि भुसा खालच्या बादलीत पडतो. व्हॅक्युमचा पाइप मध्येच चोंदला की बादलीत १५ ते २० किलोपास्कलचा ओढ तयार होतो. २८ सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर हा दाब शंभर किलोच्या आसपास वजन ठेवल्यासारखा पडतो. २० लिटरची रंगाची बादली त्यासाठी बनवलेलीच नाही.

उपाय साधे आहेत. एकात एक अशा दोन बादल्या घाला. झाकणाच्या खालून १२ मिलिमीटर प्लायची चकती बोल्टने आवळा, सायक्लोन त्याच चकतीवर बसवा आणि बादलीच्या आत मध्यावर प्लायची एक कडी घट्ट बसवा. जाड प्लास्टिकचा, लोखंडी कड्याच्या झाकणाचा केमिकलचा ड्रम मिळाला तर आणखी चांगलं. पण त्यात आधी काय होतं ते विचारूनच घ्या.

झाकण हवाबंद असणं फार महत्त्वाचं. फट राहिली तर हवा खालून आत शिरते, घिरट्या मोडतात आणि बसलेली धूळ परत उचलली जाऊन व्हॅक्युममध्ये जाते. सायक्लोन लावूनही फिल्टर चोंदत असेल तर आधी झाकणाचं रबर पाहा. दुसरं कारण म्हणजे बादली दोन तृतीयांशपेक्षा जास्त भरू देणं.

लहान सायक्लोन ढलप्या आणि भुसा उत्तम अडवतो, सगळ्यात बारीक धूळ मात्र त्यातून निसटते. म्हणून त्याच्या मागे चांगला फिल्टर लागतोच.

ऑर्बिटल सँडरला व्हॅक्युम लावला तरी धूळ उडते. काय चुकतं?

बहुतेक वेळा भोकं जुळलेली नसतात. १२५ मिलिमीटरच्या सँडरच्या पॅडला सहसा आठ भोकं असतात. पॉलिश पेपर किंचित फिरवून चिकटवला की ती झाकली जातात आणि ओढ संपतो. कागदाऐवजी जाळीचा पेपर लावा. सगळीकडून हवा ओढली जाते आणि भोकं जुळवावी लागत नाहीत. त्याखाली पातळ संरक्षक पॅड मात्र हवा, नाहीतर जाळीची धार सँडरच्या पॅडचे हूक खाऊन टाकते.

दुसरी चूक म्हणजे पूर्ण ओढ ठेवणं. जोरदार व्हॅक्युमने सँडर लाकडाला चिकटून बसतो, फिरत नाही आणि पॉलिश लावल्यावर दिसणारे गोल ओरखडे पडतात. पाइपाच्या मुठीवरची हवेची खिडकी थोडी उघडा, नसेल तर जोडणीपाशी ८ मिलिमीटरचं भोक पाडून त्यावर फिरती चिकटपट्टी लावा. सँडर हातात हलका फिरू लागला की बरोबर.

सँडर बंद करून मगच उचला. फिरता उचलला की कडेची सगळी धूळ तोंडावर येते. सोबत येणारी कापडी पिशवी फक्त भुसा धरते, तिच्या भरवशावर घरात घासू नका.

घासणंच कमी करता आलं तर सगळ्यात उत्तम. धारदार हात रंधा आणि पोलादी स्क्रेपर यांनी ढलप्या निघतात, धूळ जवळजवळ नाही. सागाची फळी रंध्याने साफ करून शेवटचा एकच हात १८० नंबरच्या पॉलिश पेपरचा दिला तर धूळ फार कमी होते आणि लाकडाचा रंगही उजळ दिसतो.

मार्बल कटरला लाकडाचं पातं लावून प्लाय कापतो. त्याला धूळ ओढायची सोयच नाही.

आधी सुरक्षेचं. मार्बल कटर दगड-फरशीसाठी बनवलेला आहे. त्याचे फेरे लाकडाच्या पात्याच्या मर्यादेपेक्षा जास्त असू शकतात आणि लाकडाच्या गोल करवतीसारखं खालून आपोआप मिटणारं आवरण त्याला नसतं. आमचा आग्रह आहे की लाकडासाठी हातातली गोल करवतच घ्या. तिला बहुतेक मॉडेलांत ३५ मिलिमीटरच्या आसपासचं धुळीचं तोंड असतं.

प्लाय टेबलावर अधांतरी न कापता खाली ५० मिलिमीटर जाडीचा थर्माकोल अंथरून कापा. पातं दोन-तीन मिलिमीटरच खाली येईल असं लावा. खालून उडणारी धूळ थर्माकोलच्या खाचेत अडकते आणि वरची व्हॅक्युमकडे जाते. उलट पातं बरंच खाली आलं की ते पंख्यासारखं धूळ फेकतं.

टेबल सॉची, म्हणजे टेबलात बसवलेल्या गोल करवतीची, धूळ दोन ठिकाणी निघते. खालच्या पेटीत जाणारी पकडणं सोपं. वरची, पात्याच्या दातांतून तुमच्या तोंडाकडे येणारी, ती खरी त्रासाची. पात्यावरच्या पारदर्शक आवरणाला वेगळा पाइप जोडल्याशिवाय ती थांबत नाही.

डस्ट कलेक्टर कधी लागतो? पीव्हीसी पाइप वापरता येतो का?

डस्ट कलेक्टर म्हणजे मोठ्या पाइपातून भरपूर हवा ओढून भुसा पिशवीत गोळा करणारं यंत्र. टेबल सॉ, जाडी काढायचा रंधा, बँड सॉ (पट्ट्याच्या पात्याची करवत) ही यंत्रं आली की व्हॅक्युमचा दम संपतो. व्हॅक्युमचा ओढ जोरदार, पण हवा कमी. या यंत्रांना हवा जास्त लागते. पाइपात भुसा साचू नये म्हणून हवेचा वेग सेकंदाला २० मीटर ठेवायचा असतो. १०० मिलिमीटरच्या पाइपात त्यासाठी तासाला साधारण ५६५ घनमीटर, म्हणजे सुमारे ३३० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा प्रत्यक्षात वाहिली पाहिजे. खोक्यावरचा आकडा उघड्या तोंडाचा असतो. पाइप, वळणं आणि मळका फिल्टर लागल्यावर त्याच्या निम्मा मिळाला तरी समाधान माना.

ड्रेनेजचा ११० मिलिमीटर एसडब्ल्यूआर पाइप चांगला चालतो. ९० अंशाचा एल्बो टाळा, ४५ अंशाचे दोन लावा आणि मध्ये वीतभर सरळ तुकडा ठेवा. नागमोडी लवचीक पाइपात घर्षण फार, त्यामुळे तो शेवटच्या दीड मीटरपुरताच. पाइपाला स्थिर वीज धरते आणि हाताला झटका बसतो. बाहेरून उघडी तांब्याची तार गुंडाळून ती यंत्राच्या अर्थिंगला जोडली की त्रास कमी होतो.

कलेक्टरसोबत आलेली ३० मायक्रॉनची पिशवी बारीक धूळ खोलीभर फवारते. एक मायक्रॉनची पिशवी किंवा घडीचा कॅनिस्टर फिल्टर घ्या. जागा असेल तर कलेक्टर खोलीबाहेर पत्र्याच्या आडोशाला ठेवा.

एक्झॉस्ट फॅन किती मोठा आणि कुठे?

या खोलीला १२ इंची फॅन पुरे. खोक्यावर तासाला हजार घनमीटर किंवा जास्त लिहिलेलं असेल. जाळी, झडपा आणि आत येणाऱ्या हवेचा अडथळा धरून निम्मे, म्हणजे ५०० घनमीटर मोजा. ३४ घनमीटरच्या खोलीत तासाला साधारण १५ वेळा हवा बदलेल. हवा सगळीकडे सारखी मिसळते असं धरलं, तर काम थांबल्यावर ९ मिनिटांत ९० टक्के धूळ बाहेर जाते आणि १८ मिनिटांत ९९ टक्के. कोपऱ्यांत आणि कपाटांमागे वेळ जास्त लागतो, म्हणून काम संपल्यावर अर्धा तास फॅन चालू ठेवा.

फॅनच्या आकारापेक्षा जागा महत्त्वाची. हवा एका बाजूने येऊन तुमच्या पाठीवरून, मग कामावरून, मग फॅनमधून बाहेर गेली पाहिजे. म्हणजे फॅन बाकाच्या पलीकडच्या भिंतीत आणि हवा येण्याची जागा तुमच्या पाठीमागे. सगळ्यात नेहमी दिसणारी चूक म्हणजे फॅनला लागूनच उघडी ठेवलेली खिडकी. फॅन त्या खिडकीतलीच हवा ओढून बाहेर फेकतो, आवाज मोठा येतो आणि खोलीतली धूळ जागच्या जागी राहते. फॅनजवळची खिडकी बंद, समोरची उघडी.

दार-खिडक्या गच्च बंद करून फॅन लावला तर तो नुसता फिरतो. हवा आत यायला किमान एक फूट बाय एक फूट मोकळी जागा हवी, मच्छरदाणीची जाळी असेल तर दुप्पट. ती जाळी महिन्याभरात धुळीने गच्च होते, ती ब्रशने साफ करा.

तपासायला उदबत्ती लावा. बाकावर, कोपऱ्यांत आणि दाराच्या फटीपाशी धरून धूर कुठे जातो ते पाहा. घराच्या दाराशी धूर खोलीत ओढला गेला पाहिजे. घराकडे गेला तर तुमची धूळ स्वयंपाकघरात जातेय. ही चाचणी आधी भुसा झाडून, थिनर-पॉलिशचे डबे बाहेर ठेवूनच करा.

सीलिंग फॅन, एसी, कूलर लावून काम करावं का?

सीलिंग फॅन नाही. तो धूळ बाहेर नेत नाही, फक्त फिरवतो. पात्यांच्या वरच्या बाजूला साठलेला थर पुढच्या वेळी चालू केला की खाली झडतो. फॅन काढता येत नसेल तर पाती दर आठवड्याला ओल्या फडक्याने पुसा.

स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो. त्याची जाळी बारीक धूळ अडवत नाही. ती मागच्या कॉइलवर जाऊन बसते, तिथल्या पाण्यात तिचा चिखल होतो आणि मग पाणी गळायला लागतं. घासाई किंवा कापाई चालू असताना एसी बंद.

खिडकीत बसवलेला कूलर हे विदर्भ-मराठवाड्यातलं खास प्रकरण आहे. तो बाहेरची भरपूर हवा आत ढकलतो, त्यामुळे हवा बदलते खरी. पण खोलीत दाब वाढतो आणि धूळ घराच्या दारातून आत घुसते. कूलर लावायचाच असेल तर समोरची खिडकी सताड उघडा, एक्झॉस्ट चालू ठेवा आणि घराच्या दाराखाली रबराची पट्टी लावा. मे महिन्यात काम करायचं तर याला पर्याय नाही. मात्र त्या ओल्या हवेत बनवलेल्या ड्रॉवरचे सांधे पुढे कूलर बंद झाल्यावर सैल पडतात.

पावसाळ्यात बाहेरची दमट हवा आत घ्यायची का?

कोकणात आणि मुंबईत जुलैची हवा ८५ टक्के दमट असते. अशा हवेत लाकडातली ओल हळूहळू १८ टक्क्यांकडे जाते. ६५ टक्के दमटपणाला ती १२ टक्क्यांच्या आसपास राहते. रंध्याच्या तळाला आणि टेबल सॉच्या पाटाला गंजही धरतो. म्हणून पावसाळ्यात एक्झॉस्ट फक्त धुळीचं काम चालू असताना आणि नंतर अर्धा तास. बाकी वेळ दार-खिडक्या बंद आणि हवा गाळणारी पेटी चालू. तयार फळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून दुसऱ्या खोलीत ठेवा.

हिवाळ्यात उलटा प्रश्न येतो. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी पुण्या-मुंबईतली बाहेरचीच हवा मळकट असते, कारण थंड हवेचा थर धूर-धूळ जमिनीजवळ दाबून ठेवतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ अ‍ॅपवर जवळच्या केंद्राचा आकडा पाहा आणि धुळीचं काम दुपारी करा.

हवा गाळणारी पेटी घरी कशी बनवायची?

सेंट्रल एसीचे फिल्टर विकणाऱ्यांकडे २४ बाय २४ इंचांचे, दोन इंच जाडीचे घडीचे फिल्टर मिळतात. एफ७ किंवा मर्व्ह १३ दर्जाचे दोन मागा, ही फिल्टर किती बारीक आहे ते सांगणारी नावं आहेत. मर्व्ह १३ फिल्टर १ ते ३ मायक्रॉनचे निदान ८५ टक्के कण अडवतो, ०.३ ते १ मायक्रॉनचे निदान ५० टक्के. दुकानदार जी४ किंवा “दहा मायक्रॉन” पुढे करेल. तो नुसता आधीचा फिल्टर आहे, बारीक धुळीला उपयोगाचा नाही.

१२ मिलिमीटर प्लायची उभी पेटी करा. दोन समोरासमोरच्या बाजूंना फिल्टर, मध्ये ४५० मिलिमीटर अंतर. वर, खाली आणि मागे प्लाय. पुढच्या प्लायमध्ये १२ इंची एक्झॉस्ट फॅन, हवा बाहेर फेकणारा. फिल्टरच्या कडेवर बाण असतो, तो पेटीच्या आतल्या दिशेने ठेवा. फॅन वरच्या फळीत आडवा बसवू नका. घरगुती एक्झॉस्ट फॅन भिंतीसाठी असतात आणि आस उभा झाला की बुश लवकर झिजतो.

फिल्टर आणि लाकूड यांच्यामध्ये फोमची पट्टी लावा आणि बाहेरून लाकडी चौकटीने दाबा. इथे तीन मिलिमीटरची फट राहिली तरी हवा तिकडूनच जाते आणि महागडा फिल्टर शोभेचा उरतो. बाहेरून जी४चं पांढरं फिल्टर कापड गुंडाळा, भुसा त्यावरच राहतो. कापड दर पंधरवड्याला बाहेर झटका, झटकताना मास्क घाला. घडीचे फिल्टर धुऊ नका. कापड स्वच्छ असूनही हवा कमी येऊ लागली की बदला.

दोन फिल्टर लावण्याचं कारण असं, की पाती असलेल्या पंख्याला अडथळा सोसत नाही. एकाच फिल्टरवर तो गुदमरतो, दोनांवर हवा वाटली जाऊन प्रवाह टिकतो. जुन्या किचन चिमणीचा ब्लोअर असेल तर तो जास्त जोर लावतो. मात्र त्यावरचं तेल सोड्याच्या गरम पाण्याने पूर्ण काढा, मोटरला पाणी लागू न देता. नाहीतर धूळ त्याला चिकटून पंखा असमतोल होतो.

घरातला एअर प्युरिफायर आणून ठेवला तर?

चालतो. सीएडीआर, म्हणजे तासाला किती स्वच्छ हवा मिळते तो आकडा, पाहा. तासाला ३०० घनमीटरचा असेल तर या खोलीत तासाला जवळजवळ ९ वेळा हवा गाळली जाते. बाहेरून जी४ कापड लावा, नाहीतर हेपा फिल्टर लवकर संपतो. आणि तोच पुन्हा बेडरूममध्ये नेऊ नका.

धूळ मोजणारं छोटं यंत्र भरवशाचं असतं का?

तुलनेसाठी उपयोगी. लेझरवर चालणारे स्वस्त सेन्सर प्रकाशाच्या विखुरण्यावरून वजनाचा अंदाज बांधतात, त्यामुळे लाकडाच्या धुळीचा नेमका आकडा त्यांच्याकडून मिळत नाही. ८० टक्क्यांपेक्षा जास्त दमट हवेत ते फुगवून दाखवतात, म्हणजे पावसाळ्यात घाबरून जाऊ नका. भारतात बाहेरच्या हवेसाठी पीएम २.५ची, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक धुळीची, २४ तासांची मर्यादा दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१चं मार्गदर्शन १५.

वापरायचं असं : काम सुरू करण्याआधी आकडा लिहा, घासाई संपल्यावर लिहा, मग पहिल्या आकड्यावर यायला किती मिनिटं लागली ते लिहा. जोपर्यंत आकडा खाली येत नाही तोपर्यंत मास्क चेहऱ्यावर.

पाणी शिंपडून झाडलं तर?

जमिनीवरची धूळ उडत नाही एवढाच फायदा. तरंगणारी बारीक धूळ त्याने बसत नाही आणि ओल लाकडात जाते. आधी व्हॅक्युम, मग पिळलेल्या ओल्या फडक्याने फरशी. स्विचबोर्डाच्या वरची कड, ट्यूबलाइटची पट्टी, खिडकीचा गज इथे थर साचतो, तिथे व्हॅक्युमचा ब्रश फिरवा. काँप्रेसरच्या हवेने कपडे किंवा यंत्रं झटकू नका. अ‍ॅप्रन खोलीतच काढून ठेवा.

भुशाला आग लागू शकते का?

लागू शकते, आणि घरी ती बहुतेक ठिणगीने लागते. लाकडाच्या व्हॅक्युमने ग्राइंडरची लोखंडी धूळ कधीही ओढू नका. तापलेला कण भुशाच्या पिशवीत पडला की तो तासन्‌तास धुमसतो आणि रात्री पेट घेतो. जुन्या लाकडातले खिळे आधी काढा. पिशवी आणि बादली काम संपल्यावर घराबाहेर ठेवा.

अळशीच्या तेलाचे बोळे वेगळेच धोकादायक. ते हवेत सुकताना स्वतःच तापतात आणि गोळा करून टाकले तर ठिणगीशिवाय पेटतात. एकेक फडकं बाहेर दोरीवर उलगडून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवा किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात बुडवून ठेवा.

मेलामाइन आणि पीयू पॉलिश मारताना हाच एक्झॉस्ट वापरावा का?

नाही. थिनरची वाफ पेटणारी असते आणि साध्या फॅनची मोटर व स्विच ठिणगी टाकू शकतात. स्प्रेचं काम गच्चीवर किंवा अंगणात करा. धुळीचा मास्क वाफ अडवत नाही, त्यासाठी सेंद्रिय वाफेची कार्ट्रिज लागते. दोन डबे मिसळून वापरायच्या पीयूमध्ये (पॉलियुरेथेन) आयसोसायनेट हे रसायन असतं आणि त्याने जन्माचा दमा लागू शकतो. घरी ते फवारू नका, ब्रशने लावायचं पाण्यावरचं पॉलिश घ्या.

फ्लॅटमध्ये राहतो. एक्झॉस्ट डक्टमध्ये सोडला तर शेजारी तक्रार करतात.

त्यांची तक्रार रास्त आहे. डक्ट सगळ्यांच्या बाथरूमच्या खिडक्यांना लागून असतो आणि तुमची धूळ वरच्या मजल्यावर निघते. फ्लॅटमध्ये हवा बाहेर न फेकता गाळणारी पेटी वापरा, सँडर नेहमी हेपा फिल्टरच्या व्हॅक्युमला जोडा आणि प्लायचे मोठे तुकडे दुकानातच कापून घ्या. बहुतेक प्लायवाले पॅनेल सॉवर मापात कापून देतात. तेवढ्यानेच घरातली धूळ बरीच कमी होते.

भुसा निव्वळ लाकडाचा असेल तर कुंड्यांत वरून पातळ पसरायला किंवा कंपोस्टमध्ये ओल्या कचऱ्यासोबत थोडाथोडा घालायला चालतो. एमडीएफ, प्लाय आणि पॉलिश केलेल्या लाकडाचा भुसा कुंडीत घालू नका, बंबात किंवा चुलीतही जाळू नका. तो पिशवीत तोंड बांधून सुक्या कचऱ्यात द्या आणि कचरा नेणाऱ्याला आत भुसा आहे हे सांगा, म्हणजे तो पिशवी उघडून झटकणार नाही.